नीरफणसावरची फोटोग्राफर

हौसेने फोटो काढणाऱ्याने व्यावसायिक कसं व्हावं, हे शिकायचं असेल तर इकडेतिकडे भटकू नका. सरळ माझ्याकडे या! मी लांगी, अकरावीत आहे, आणि दक्षिणेकडच्या महासागरातल्या आमच्या सावाई बेटावर माझ्याइतके फोटो कुणीही काढलेले नाहीत. खोटं वाटत असेल तर आमच्या कोंबड्यांना विचारा. त्या आता कॅमेरा दिसला की माना वळवून उभ्या राहतात.

कॅमेरा मला पेनी मामाने दिला. तो ऑकलंडला असतो. नवा घेतला म्हणून जुना मला पाठवला, आणि तेव्हापासून मी इंटरनेटवर एका गुरूंचे धडे गिरवतेय. गुरूंचे नियम एकदम सोपे. उजेड बघा. माणसाच्या जवळ जा. आणि फोटो जमत नसेल तर जागा बदला, खाली बसा, उंचावर चढा! हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा. सगळं रामायण त्यातूनच घडलं.

झालं असं की पेनी मामाला घराण्याच्या सरदारकीचा किताब मिळायचा ठरला. म्हणजे सगळं गाव जेवायला, डुकरं भट्टीत आणि पाहुणे विमानभरून! मामा आल्या आल्या म्हणाला, "फोटोसाठी शहरातून, आपियाहून माणूस बोलावतो."

मी ताडकन उठले. "मामा, घरात विहीर असताना शेजारी घागर घेऊन कशाला जायचं? मी आहे ना!"

"तू?" मामाने माझ्याकडे कोंबडीकडे बघावं तसं बघितलं.

"एकदा काम देऊन तर बघ! हे जमलं की मी लग्नांची कामं घेणार आहे."

मामा नाहीच म्हणणार होता. पण कोपऱ्यातून पिसा आजी बोलली, "काढू दे रे पोरीला. मला तिच्याच हातचा फोटो पाहिजे."

आता आजीचं सांगायला हवं. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून आजी एक चटई विणत होती. आपली बसायची चटई नव्हे हो! केवड्याच्या पानांचे केसासारखे बारीक धागे काढून विणलेली, रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं. अशी चटई कुणी अंथरत नाही. ती मानाची. समारंभात सगळ्यांसमोर उलगडायची आणि देऊन टाकायची. मामाच्या समारंभात ती भाषणाचा मान असलेल्या सेउमालो आजोबांना जायची होती. लेक सासरी जावी तशी! गेली की गेली.

"मला एकच फोटो हवाय," आजी म्हणाली. "चटई आणि मी. नंतर कुठे दिसणारेय ती मला?"

"आजी, मग आत्ताच उलगड की! आत्ताच काढते."

"गप गं! लग्नाच्या आधी नवरी मांडवात फिरते का?"

"बरं. पण तोंडावर हात घ्यायचा नाही हं!"

आजीचे पुढचे दात नाहीत. हसली की हात आपोआप तोंडावर जातो. आजवरच्या सगळ्या फोटोंत आजीचा पंजा फार सुंदर आलाय.

"ते तू बघ," आजी म्हणाली. "फोटोग्राफर तू आहेस."

मी छाती ठोकून वचन दिलं.

समारंभाचा दिवस उजाडला. सगळे सरदार आमच्या फालेत, म्हणजे भिंती नसलेल्या मोठ्या घरात, खांबाखांबाशी मांडी घालून बसले. आणि मी व्यावसायिक तोऱ्यात कॅमेरा गळ्यात अडकवून आत पाऊल टाकलं.

"खाली!" आई दातओठ खात पुटपुटली.

अरे देवा! गुरूंनी हे सांगितलंच नव्हतं! आमच्याकडे मोठी माणसं बसलेली असताना समोरून ताठ जायचं नसतं. कमरेत वाकायचं आणि 'तुलोऊ, तुलोऊ' म्हणजे 'माफ करा, माफ करा' म्हणत सरकायचं. हे मला जन्मल्यापासून माहीत आहे. पण वाकून फोटो कसा काढायचा, हे कुठे कुणाला माहीत होतं?

मग काय! मी तुलोऊ म्हणत खेकड्यासारखी फिरले. तुलोऊ, खटॅक! तुलोऊ, खटॅक! सगळे फोटो गुडघ्याच्या उंचीवरून. मुळांचं मानाचं पेय, कावा, सरबतासारखं शांतपणे पीत सरदार माझ्याकडे बघत होते आणि मी जीव तोडून काम करत होते.

मागच्या बाजूला जाऊन फोटो पाहिले तर काय! गावातल्या सगळ्या मान्यवरांच्या नाकपुड्या! एकेक नाकपुडी अशी, की आत वटवाघळांनी संसार थाटावा!

तेवढ्यात पेनी मामा मागून डोकावला. अंगाला तेल चोपडलेलं, गळ्यात माळ, काय रुबाब! "बघू बघू! किताब घेतानाचा दाखव."

मी दाखवला.

"हा डोंगर कुठला?"

"मामा... ते तुझं पोट आहे."

"आणि माझं तोंड?"

"डोंगराच्या पलीकडे."

 मामा 'आपिया' एवढंच पुटपुटला आणि निघून गेला. शिवी दिली असती तरी परवडलं असतं!

आता राहिली होती चटई. ती बाहेर मैदानात उलगडणार होती आणि तिथेही सगळे सरदार सावलीत बसलेले. म्हणजे पुन्हा वाका! आजीची नाकपुडी आणि चटईची खालची कड? छे! मी वचन दिलं होतं. आणि मला गुरूंचा तो नियम आठवला. उंचावर चढा!

मैदानाच्या कडेला आमचा नीरफणस आहे. मोठा, पानांनी गच्च भरलेला. त्याखाली पाहुण्यांना द्यायच्या डबाबंद मासळीचे खोके रचून ठेवले होते. खोक्यांवरून फांदीवर चढायचं म्हणजे जिनाच की! सगळ्यांची तोंडं दुसरीकडे. मी समारंभाच्या लांब झग्यातच सरसर वर गेले.

वरून काय दिसत होतं म्हणून सांगू! मधोमध सेउमालो आजोबा काठीवर रेलून उभे, खांद्यावर भाषणाच्या मानाचा काथ्याचा झुबका, आवाज गावाच्या वेशीपर्यंत. पूर्वजांची नावं एकामागून एक चाललेली. आणि झाडाच्या कडेने एका टोकाला सूलिआ मावशी आणि दुसऱ्या टोकाला पिसा आजी, मध्ये चटई. उलगडली. उन्हात अशी चमकली की बायकांनी एकदम जयघोष केला. आजीची मान ताठ होती. मी आजीला इतकं उंच कधी पाहिलंच नव्हतं.

फक्त एक पान आड येत होतं. एकच! मी थोडी पुढे सरकले. अजून थोडी. पान बाजूला करायला हात लांबवला...

आधी नीरफणस पडला. चांगला पिकलेला, डोक्याएवढा. तो खोक्यांच्या चळतीवर असा आदळला की चळत कोसळली आणि मासळीचे डबे ढणढणत थेट सरदारांपर्यंत घरंगळत गेले. त्याच्यामागून मी. पण मी खाली पोचले नाही. झगा फांदीच्या खुंटात अडकला आणि मी मध्येच लटकले. डोकं खाली, पाय वर!

भाषण थांबलं. वारा थांबला. भट्टीतल्या डुकरानेही श्वास रोखला असावा.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. सरदार मांडी घालून जमिनीवर, आणि मी पोरगी त्यांच्या डोक्यांच्याही वर! असं आमच्याकडे कुणी करत नाही. घराण्याला दंड होतो. आणि तोही मामाच्या किताबाच्या दिवशी! काय बोलावं? मला एकच सभ्य शब्द सुचला.

"तुलोऊ!"

हा शब्द वाकून म्हणायचा असतो. माझ्याइतकं वाकून तो आजवर कुणीही म्हटला नसेल!

आणि पिसा आजी फुटली. असं हसली, असं हसली की चटईला लाटा आल्या! हात तोंडाकडे नेणार कुठून? दोन्ही हातांत चटई! मग बायका हसल्या, मग सरदारांची पोटं हलायला लागली.

हसले नाहीत ते सेउमालो आजोबा. त्यांनी काठी आपटली.

"मी आयुष्यात पुष्कळ माफ्या ऐकल्या," ते गंभीरपणे म्हणाले. "पण पायांपेक्षा डोकं खाली ठेवून मागितलेली माफी पहिल्यांदाच ऐकतोय. म्हणजे डोक्याने मान राखला. त्याला माफ आहे." ते थांबले. "पाय मात्र आमच्या वर आहेत. पायांना दंड! ते जे डबे माझ्यापर्यंत चालत आलेत ना, तेवढे मी नेतो."

मला काढलं खाली. झग्याचा एक तुकडा अजून झाडावर आहे. मी आधी गवतात पडलेल्या कॅमेऱ्याकडे धावले. आभाळ. पान. माझा अंगठा. पुन्हा पान. माझी चप्पल, हवेत. मान वर केली तर चटईची घडी झाली होती आणि सेउमालो आजोबांच्या सुना ती गाडीत ठेवत होत्या. गाडी गेलीसुद्धा.

आजी आली. हसून हसून तिचे डोळे वाहत होते; पदर असता तर पुसले असते.

"आला का गं फोटो?"

 मी नुसती मान हलवली आणि भोकाड पसरलं. चक्क! सगळ्या पाहुण्यांसमोर! व्यावसायिक माणसं रडतात की नाही, याबद्दल गुरूंनी काहीच सांगितलेलं नाही.

आजीने मला जवळ घेतलं. "जाऊ दे. माझ्या डोळ्यांत आहे ना ती." पण गाडी गेली त्या रस्त्याकडे ती किती तरी वेळ बघत राहिली. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

जेवताना मी खांबाआड बसले होते. सेउमालो आजोबांनी हाक मारली, "ए, झाडावरची! इकडे ये."

मी गेले. वाकून. एवढी वाकून की नाक बसायच्या चटईला लागलं.

"बस नीट. वाढदिवसाला मुलांनी हे दिलंय, मला त्यातलं फार कळत नाही. तुझ्यामुळे भाषण थांबलं, तेवढ्यात मी माझ्या चटईचा फोटो काढला. कोपऱ्यात तूही आलीस. बघ, बिघडला का?"

काच तडकलेला मोबाइल. त्यात फोटो. चटई लाटेसारखी उठलेली, लाल पिसं उन्हात पेटलेली, आणि मागे पिसा आजी, मान मागे टाकून, तोंड उघडं, हात नाही, दात नाहीत आणि सगळा आनंद! असा फोटो गुरूंनासुद्धा जमला नसता.

"आजोबा! हा कसा काढलात?"

"कसा म्हणजे? समोरच उभा होतो. ती हसली. दाबलं."

फोटो मोठा करून ऑकलंडहून मामानेच पाठवला. आता तो आमच्या फालेत मुख्य खांबावर आहे. वरच्या कोपऱ्यात मीही आहे, उलटी. तेवढा भाग कापू या, म्हणून मी आजीच्या किती विनवण्या केल्या! "हात लावून तर बघ," आजी म्हणते. "तू नसतीस तर मी हसले असते का?"

आता मी आधी माणसांजवळ जाऊन बसते, गप्पा मारते, कॅमेरा मांडीवर ठेवते. फोटो बरे येतात. नाकपुड्या कमी झाल्यात. पलीकडच्या गावातल्या लग्नाचं काम तर मला मिळालंसुद्धा! माझंच नाव का सुचलं, म्हणून विचारलं तर नवरीची आई म्हणाली, "आमच्या अंगणात झाड नाही ना, म्हणून."

पाहुणे आले की खांबासमोर थांबतात. आजीचं कौतुक करतात, चटईचं करतात. मग डोळे बारीक करून वर बघतात.

"आणि पिसाताई, फांदीला हे वटवाघूळ केवढं मोठं आलंय हो!"

"वटवाघूळ कसलं?" आजी हात तोंडावर न नेता हसते. "आमची फोटोग्राफर आहे ती!"