'महाराज' म्हणजे किती तास?

एका जंगलात, मुलांनो, उन्हाळ्यात एकच झरा उरला होता. रोज जेमतेम चाळीस जणांपुरतं पाणी झिरपायचं. प्राणी शंभराच्या वर. त्यामुळे रोज ढकलाढकली, रोज कुणाचं तरी शिंग मोडायचं.

म्हणून वनराज सिंहाने हुकूम काढला, "ज्याला जास्त तास पाणी मिळालेलं नाही, तो रांगेत पुढे."

किती शहाणा राजा, नाही का?

रांग लावायला चिंतोपंत कोल्ह्याने प्रोग्राम लिहिला. त्यात 'प्राणी' नावाचा एक क्लास होता. त्या साच्यातून प्रत्येकाचं एक ऑब्जेक्ट निघायचं. त्यात दोनच रकाने: नाव आणि तहानेचे तास. ज्याने त्याने आपापलं कार्ड भरायचं. यंत्र दोघादोघांची तुलना करायचं आणि जास्त तहानलेल्याला पुढे सरकवायचं.

पहिल्या दिवशी वनराज पहिले आले. मागोमाग नऊ तासांची खार. दोनच तासांपूर्वी कुठेसं पिऊन आलेला ससाही आत शिरला. चांदी सांबरीण अठरा तासांची तहानलेली. तिचा नंबर सत्तरावा! पिलाला पाजायला तिला दूध उरलं नव्हतं. पिलू उभंही राहीना.

"पंत, अठरा मोठे की दोन?" तिने विचारलं.

"ते यंत्राला विचार," चिंतोपंत म्हणाले. "यंत्र चुकत नाही."

शेजारी काटेबाई साळिंदर उभी होती. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये नाक खुपसायची तिला वाईट खोड. तिने बाकीच्यांना बाजूला ठेवलं आणि फक्त ससा आणि सांबरीण यांची रांग लावून पाहिली. ससा पुढे. मग तुलना कशी होते ते टप्प्याटप्प्याने पडद्यावर छापायला लावलं.

तेव्हा उलगडा झाला. यंत्र तासांना आकडा समजतच नव्हतं. शब्द समजून डावीकडून एकेक चिन्ह बघायचं. अठरामधला पहिला एक. समोर सशाचा दोन. एकापेक्षा दोन मोठा. लागला निकाल!

"पंत, तास शब्द म्हणून का साठवलेत?"

चिंतोपंतांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, वनराजांनी त्या रकान्यात आकडा लिहिलाच नाही. 'महाराज' असं लिहिलं. आकड्याच्या रकान्यात ते बसेना, शब्दाच्या रकान्यात बसलं. शिवाय हे यंत्र अक्षराला आकड्यापेक्षा मोठं धरतं. ते पहिले आले, माझी नोकरी राहिली."

काटेबाईने रकाना आकड्याचा केला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. ते जागच्या जागी अडलं. पडद्यावर उमटलं, "'महाराज' म्हणजे किती तास?"

सगळं जंगल सिंहाकडे बघू लागलं. सिंहाच्या मिशांवर अजून थेंब होते.

"चांगलं यंत्र बिघडवलंत!" तो गरजला. "होतं तसं करा!"

चिंतोपंतांनी होतं तसं केलं. चाळिसाव्या नंबरला झरा आटला. चांदी रडवेली होऊन वळली.

काटेबाई तिच्यामागे गेली. "उद्या तास लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"वनराज लिहितात तेच. आणि सगळ्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी चांदी उजाडायच्या आधीच आली. मग बाकीचे आले. सिंह ऊन चढल्यावर, जांभया देत. यंत्राने तुलना केली. महाराज आणि महाराज, दोघे सारखेच. आणि सारखे निघाले तर आधी आलेला पुढे, एवढं यंत्राला कळत होतं. चांदी पहिली. सिंह एकशे तिसरा.

"खोटारडे सगळे! कार्डं तपासा!"

"तपासू की," काटेबाई म्हणाली. "सुरुवात कुणापासून करू?"

चांदी पोटभर प्यायली. दुपारी तिचं पिलू धडपडत उभं राहिलं.

तिसऱ्या दिवशी सिंह सगळ्यांच्या आधी हजर. घसा सुकलेला. बाकीच्यांनी 'महाराज'च ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने रकान्यात खरा आकडा लिहिला: अठ्ठेचाळीस.

यंत्राने त्याला सर्वांत शेवटी उभं केलं.

तात्पर्य: फॉर्म भरताना खरं कधी लिहू नये. खोटंच लिहावं, फक्त सगळ्यांनी मिळून एकच खोटं लिहावं.