तिरक्या झाडाला दोर

झाड पाडायला अक्कल लागते, आणि अक्कल घरातच असताना लाकूडतोड्याला कशाला बोलवायचं? हे माझं ठाम मत!

आमच्या अंगणातलं झाड स्वयंपाकघराच्या छपरावर झुकलं होतं. आत काय शिजतंय ते डोकावून बघावं, तसं! त्याच आठवड्यात सासरे आले. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत, आणि त्यांनी कायमचं आमच्याकडे यावं म्हणून बायको वर्षभर झुरत होती.

"बाबा आठ दिवस बघणार आणि मग ठरवणार," तिनं बजावलं. "जरा नीट वागा!"

नुसतं नीट? मी छाप पाडणार होतो!

मी विंच आणला. दांडा मागेपुढे केला की दोर इंचाइंचानं ओढणारं यंत्र. शिडी लावून दोराचं एक टोक झाडाला उंचावर बांधलं. सासरे खुर्ची टाकून बघत होते. उभी हयात त्यांनी विंचनं पुलाचे गर्डर चढवलेले. पण जावयाला शिकवायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"कसं काय, बाबा?"

"छान!" म्हणत त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

आता विंच कशाला बांधायचा? अर्थातच समोरच्या फाटकाच्या खांबाला! गेल्या वर्षी मी स्वतःच्या हातानं बांधलेला खांब!

"बाबा?"

"वा!" खुर्ची आणखी मागे गेली. लांबून देखावा पुरता दिसत असेल, असं मी समजलो.

"अहो, त्या लाकूडतोड्याला एकदा..." बायको म्हणाली.

"तू आत जा बघू! नको, आत नको! स्वयंपाकघरात तर मुळीच नको!"

मी दांडा मारू लागलो. दोर ताठ झाला. सासरे एव्हाना रस्त्यापलीकडे पोचले होते.

"जावईबापू," त्यांनी हाक मारली, "तुम्हीही इकडे या ना! इथून फारच छान दिसतंय!"

वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवेना. शेवटचा एक दणका देऊन मी निघालो, तोच मागे कडाड्!

"हललं! हललं!" मी नाचलो.

"अहो, खांब हलतोय!" बायको किंचाळली.

खांब मुळासकट उपटला आणि फाटकाला सोबत घेऊन, मी मघाशी उभा होतो बरोबर तिथे आडवा झाला. झाड ढिम्म!

सासऱ्यांनी बाह्या वर केल्या. लाकूडतोड्याला बोलावलं. विंच फाटकाबाहेरच्या जाड झाडाला, अगदी बुंध्याशी बांधला, आमच्या झाडाला करवतीनं खाच पाडून घेतली आणि सगळ्यांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभं केलं. तासाभरात झाड मोकळ्या अंगणात! छपराचं एक कौलही हललं नाही.

बायको मुसमुसत होती. "बाबा, आता कसले राहताय तुम्ही इथे!"

"राहणार तर! कायमचा!" सासरे म्हणाले.

माझी छाती फुगली. शेवटी पडलीच की छाप!

"सामान उद्याच आणतो, पोरी," ते पुढे म्हणाले. "तुला एकटीला यांच्या भरवशावर कसं सोडू?"