गाडी सचिवांना मानते

नंदाखाल फळे-फुले-भाजीपाला वाहतूक मंडळाची पिकअप गाडी दिनांक चार जानेवारी रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गास गावच्या वळणावर बंद पडली. बंद पडण्यापूर्वी तिने तीन आचके दिले, एकदा खोकली आणि शांत झाली. तशी नोंद मंडळाच्या इतिवृत्तात आहे. सतरा वर्षांच्या गाडीने बंद पडावं यात नोंद करण्यासारखं काही नव्हतं. पण त्या वर्षात नोंद करण्यासारखं दुसरंही काही घडलेलं नव्हतं.

मंडळ म्हणजे आम्ही एकोणचाळीस बागायतदार. केळी, विड्याची पानं, मोगरा, वांगी, ज्याच्या वाडीत जे होईल ते गाडीत चढवायचं आणि इग्नेशियस तुस्कानो यांनी ते निर्मळ, गास ही गावं करत नालासोपाऱ्याच्या बाजारात पोचवायचं. गाडी नवी आली त्या दिवसापासून चालक तेच. तिचं काय दुखतंय ते त्यांना आवाजावरून कळतं. दुर्दैवाने आवाज फायलीला लावता येत नाही.

त्याच्या आदल्याच महिन्यात मंडळाने डिझेलचोरी रोखण्यासाठी टाकीला कुलपाचं नवं टोपण बसवलं होतं. डिझेल चोरीला गेल्याची तक्रार कोणाची नव्हती. पण टोपण नसताना चोरी झाली असती तर जबाबदार कोण, या प्रश्नाला सभेत कोणाकडेही उत्तर नव्हतं. टोपणाखाली जाड रबराची चकती होती आणि किल्ली सचिव मर्विन लोपीस यांच्याकडे. मर्विन मुंबईच्या एका कचेरीत पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. घरात मांजर आलं तरी ते आवक क्रमांक टाकतात, असं त्यांची बायकोच सांगते.

टोपणाबरोबर एक नियमही आला: गाडी बंद पडल्यास प्रथम टाकीत डिझेल आहे किंवा कसे हे सचिवांनी समक्ष निश्चित करावे, चालकाचे तोंडी निवेदन ग्राह्य धरू नये. त्याप्रमाणे इग्नेशियसनी फोन केला, मर्विन स्कूटरवरून आले, कुलूप उघडलं, टाकीत फूटपट्टी बुडवली, आकडा वहीत लिहिला आणि टोपण लावलं. इग्नेशियसनी इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप चार वेळा दाबून किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि बाजारात पोचली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गास. पुन्हा स्कूटर, पुन्हा फूटपट्टी. तिसऱ्या दिवशी इग्नेशियसनी कान टोपणाला लावून ठेवला होता.

"मर्विन, ऐकलंस? उघडताना फस्स झालं."

"डिझेल अठरा सेंटिमीटर," मर्विन लिहीत म्हणाले.

"अरे, तुझ्या टोपणातून आत हवाच जात नाही. डिझेल खाली जातं, वर जागा रिकामी होते, तिथे हवा नको यायला? शहाळ्याला एकच बारीक भोक पाडून पालथं धर. पाणी पडतं का बघ."

"शहाळं मंडळाच्या मालकीचं नाही. जे काय असेल ते लेखी दे."

इग्नेशियसनी लेखी दिलं. अर्ज यंत्र उपसमितीकडे गेला आणि सोळा दिवसांनी उत्तर आलं: 'आपण उल्लेखिलेले टोपण हा चोरी-प्रतिबंध उपसमितीचा विषय असल्याने इंजिनाच्या कक्षेत येत नाही.' मग अर्ज चोरी-प्रतिबंध उपसमितीकडे गेला. तिने कळवलं की टोपण बसवल्यापासून एक थेंबही चोरीला गेलेला नाही, शिवाय गाडी वारंवार उभी राहत असल्याने डिझेलचा खपही कमी झाला आहे. सबब टोपण अपेक्षेपेक्षा चांगले काम करीत आहे. दोन्ही उपसमित्यांवर तेच पाच जण आहेत. पण एक मंगळवारी बसते आणि दुसरी शुक्रवारी, त्यामुळे त्यांची भेट होत नाही.

यंत्र उपसमिती मात्र स्वस्थ बसली नाही. तिने डिझेलचा फिल्टर बदलला, पंप बदलला, बॅटरी बदलली. दरवेळी गाडी फाटकातून रुबाबात निघे, आणि गासला पोचेपर्यंत उपसमितीचं अभिनंदन करून झालेलं असे. मग गाडी सातिवलीला सॅमीच्या गॅरेजमध्ये संगणकीय तपासणीसाठी पाठवली. सॅमीने यंत्राची वायर हातात धरून गाडीला दोन फेऱ्या मारल्या.

"अंकल, ही लावू कुठे? एवढ्या जुन्या गाडीला सॉकेटच नाही."

"पण मला रिपोर्ट लागेल रे बाबा," इग्नेशियस म्हणाले. "रिपोर्टशिवाय मला घरात घेतील, मंडळात नाही घेणार."

सॅमीने वायर हवेत ठेवूनच बटण दाबलं. कागद छापून आला: 'वाहन आढळले नाही.' मर्विननी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि त्याच दिवशी इग्नेशियसना पत्र दिलं की तपासणीच्या वेळी वाहन जागेवर नसल्याचे निष्पन्न झाले आहे, तरी ते कोठे नेले होते याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

या सगळ्यात क्लेमेंटीनमावशींचा मोगरा भरडला जात होता. मोगरा कळी असेतो मोगरा. उमलला की बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मावशींच्या टोपल्या गासला उभ्या राहत आणि मर्विनची स्कूटर येईपर्यंत हसू लागत.

"माझं झाड नंदाखालला नि फुलं फुलतात गासला," मावशी सभेत म्हणाल्या. "गासच्या बायका फुकटात गजरे घालून चर्चमध्ये मिस्साला जातात. मला माझ्याच फुलांचा वास त्यांच्या डोक्यात येतो!"

अध्यक्ष श्रीरंग चौधरी यांनी विषय हातात घेतला. श्रीरंगसर पस्तीस वर्षं गणित शिकवत होते आणि अजूनही बोलताना हवेत रेघ ओढतात. त्यांनी सचिवांची वही मागवली. गाडी एकवीस वेळा बंद पडली होती आणि एकवीसच्या एकवीस वेळा मर्विन आल्यावर चालू झाली होती.

"म्हणजे गाडी सचिवांना मानते," सर म्हणाले.

मर्विननी नम्रपणे मान खाली घातली.

"आता उलट बाजू बघू. सचिव नसताना गाडी बंद पडते. सचिव नसताना गाडीत कोण असतं?"

सर्वांच्या माना हळूहळू मागच्या बाकाकडे वळल्या.

"मी असतो," इग्नेशियस म्हणाले. "आणि केळी असतात."

"केळी रोज बदलतात," सर म्हणाले. "तुम्ही बदलत नाही. म्हणून सिद्ध."

ठरलं असं: सोमवारी सचिव स्वतः गाडीत बसून जातील. गाडी सोपाऱ्यापर्यंत न थांबता गेली, तर दोष चालकाचा आणि चालक बदलायचा. थांबली, तर दोष गाडीचा आणि गाडी भंगारात काढायची. इग्नेशियसनी विचारलं, "दोन्हीत मी घरीच बसतो ना?" सर म्हणाले की दुसऱ्या बाबतीत सन्मानाने बसाल.

रविवारी संध्याकाळी मावशी इग्नेशियसच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. सोपाऱ्याच्या एका लग्नाची ऑर्डर होती, अकरा टोपल्या.

"इग्नेशियस, उद्या माझी फुलं वाटेत उमलली तर पुढच्या वर्षी मी वांगी लावते. वांगं निदान वाट बघतं."

"मावशी, गाडी गेली तर मी जातो."

"आणि नाही गेली तर गाडी जाते, तूही जातोस, माझा मोगराही जातो. मोज तूच."

इग्नेशियसनी मोजलं. मग गॅरेजमधून आणलेली ड्रिल घेतली आणि टोपणाच्या मधोमध, कुलपाला धक्का न लावता, उदबत्तीच्या काडीएवढं भोक पाडलं. फस्स झालं.

सोमवारी गाडी निघाली ती निर्मळहून गास, गासहून थेट सोपारा. आचका नाही, खोकला नाही. मर्विनना निर्मळलाच डुलकी लागली होती. मोगरा कळीतल्या कळीत मांडवात उतरला. मावशींनी इग्नेशियसच्या खिशात एक गजरा कोंबला आणि म्हणाल्या, "बायकोला दे, तू नको घालूस."

संध्याकाळी तातडीची सभा झाली. सचिवांना शाल, श्रीफळ. इग्नेशियस उठले, सचिवांच्या किल्लीने काढून आणलेलं टोपण टेबलावर ठेवलं आणि भोक दाखवलं. आम्ही ते एकामागून एक पाहिलं. भोकातून पलीकडचा दिवा दिसत होता. सगळ्यांना सगळं कळलं. इतकं स्वच्छ कळल्याचा प्रसंग मंडळाच्या इतिहासात पूर्वी आलेला नव्हता, त्यामुळे आम्ही घाईघाईने जुने कागद चाळायला घेतले.

कारण ते भोक बरोबर मानलं, तर दोन उपसमित्या, एक पंप, एक बॅटरी, एकवीस फूटपट्ट्या आणि नुकतीच पांघरलेली शाल चूक ठरत होती. आणि प्रत्येक कागदावर आमच्या सह्या होत्या.

"मंडळाच्या मालमत्तेला विनापरवाना भोक पाडलंत, हे कबूल आहे?" सरांनी विचारलं.

"कबूल," इग्नेशियस म्हणाले. "पण चुकलंच माझं. टोपणापेक्षा हवेची जास्त गरज या खोलीला होती."

भोक पुट्टी भरून बुजवावे आणि चालकास कार्यमुक्त करावे, असा ठराव मांडला गेला. मावशी तेवढ्या ताडकन उठल्या. पण त्यांची सभासद वर्गणी एक दिवस उशिरा आलेली निघाल्याने त्यांना मत नव्हतं. सरांनी नियमाप्रमाणे विचारलं, "कोणाचा विरोध?" विरोध करणाऱ्याने उभं राहून नाव सांगायचं होतं, आणि मागच्या दाराने गरम वड्यांचे ट्रे येत होते. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझंही मत आहे.

तुम्ही आता मला मनातल्या मनात नावं ठेवत असाल. अवश्य ठेवा. फक्त गेल्या रविवारी तुमच्या सोसायटीने वॉचमनला काढला ना, वरच्या टाकीत पाणी चढत नाही म्हणून? तो बिचारा जिन्यात उभा राहून ओरडत होता की व्हॉल्व्ह अडकलाय. त्या सभेची वही मर्विननी मला कौतुकाने दाखवली. हल्ली तुमच्या सोसायटीच्या वह्याही तेच सांभाळतात. बाराव्या ओळीतली सही तुमचीच ना? अक्षर फार सुरेख आहे.