पंधरा फुटांवरचे गायके

आमच्या शेजारच्या गायक्यांच्या बायकोशी कोणी बोलत असेल, तर त्या दोघांमधलं अंतर गायक्यांना आधी कळावं लागतं. अंदाजे नाही, फुटांत आणि इंचांत. भाजीवाला फाटकाशी आला की गायके ओट्यावरून त्याला हुकूम सोडतात, "चाक मागं घे. अजून. बास." गाडा जिथे थांबायचा तिथे त्यांनी रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ मारून ठेवली आहे. ती वाहनांनी पुसली जाते, गायके पुन्हा मारतात. भाजीवाला बिचारा सवयीने रेघेवरच थांबतो आणि तिथूनच मेथीच्या जुड्या दाखवतो.

गायके सरकारी मोजणीदार होते. सगळी नोकरी गंगापूर आणि पैठण तालुक्यांत बांध मोजण्यात गेली. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असताना हा किडकिडीत माणूस मधोमध साखळी धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आधी हद्द कायम करा, मंग भांडा." निवृत्तीनंतर सिडकोतल्या आमच्या गल्लीत मोजायला जमीन उरली नाही. तेव्हा त्यांचं सगळं लक्ष सुमनवहिनींकडे वळलं.

त्यांच्या मत्सराला वय, जात, हुद्दा कशाचंच बंधन नसे. संध्याकाळी बातम्या देणाऱ्या निवेदकाचा टाय चांगला आहे असं वहिनी एकदा म्हणाल्या. त्या घरात पुढे कधी ती वाहिनी लागली नाही. दाताच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, की इतक्या जवळून बघायची गरज आहे का. गल्लीतल्या भजनी मंडळातले ऐंशी वर्षांचे पेटीवाले आजोबा वहिनींचा आवाज गोड आहे म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी गायक्यांनी सतरंजीवर बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू आखून दिली.

त्यातून मीही सुटलो नाही. माझी बायको कुमुद गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा वहिनींनी मला रोज एक वाटी भाजी पाठवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी त्या स्वतः आल्या. दुसऱ्या दिवसापासून वाटी घेऊन गायके येऊ लागले. वाटी ठेवून जायचे नाहीत. मी जेवून होईपर्यंत समोर बसायचे, वाटी धुऊन घ्यायचे आणि मगच उठायचे. माझी भांडी त्यांच्या घरी आणि त्यांची माझ्याकडे राहिली, तर देवाणघेवाण वाढेल, असा त्यांचा हिशेब असावा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस, फारसं बोलणं मला जमत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्यासमोर बसणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि हेही खरं, की मला त्यांचा हेवा वाटायचा. संशय घ्यायला का होईना, त्यांच्या घरात कोणीतरी होतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची मुलगी केतकी पुण्याहून सिनेमाचं शिक्षण घेऊन परत आली आणि तिने इथेच एक सिनेमा करायला घेतला. गोष्ट दोन बेघर माणसांची. दोघंही साठीच्या पुढची. तो स्टेशनजवळच्या उड्डाणपुलाखाली वजनकाटा घेऊन बसतो, ती बाटल्या गोळा करते. एकमेकांना गाव विचारायचं नाही, मागचं काही विचारायचं नाही. ती रोज काट्यावर उभी राहते, तो तिचं वजन बघतो आणि पैसे घेत नाही. एवढंच त्यांचं प्रेम.

केतकीला त्या बाईसाठी नटी नको होती. वहिनींना तिने लहानपणापासून पाहिलेलं. वहिनी बोलता बोलता मधेच थांबतात आणि लांब कुठेतरी बघतात, तसं बघणारी बाई तिला हवी होती. ती विचारायला आली तेव्हा मी वाटी संपवत होतो आणि गायके समोर होते, म्हणून आम्ही दोघंही उठून त्यांच्या घरी गेलो. गायक्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "रोज वजन बघतो म्हंजे? त्याचा काय संबंध? तिचं वजन मला बी माहीत नाय."

केतकी म्हणाली, "काका, तेच तर प्रेम आहे."

गायके नाही म्हणणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण त्याआधीच वहिनी बोलल्या. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला करायचंय."

मग हद्द कायम झाली. गायक्यांच्या अटी अशा होत्या: प्रत्येक चित्रीकरणाला ते हजर राहतील, वहिनींपासून पंधरा फुटांवर स्टूल टाकून बसतील, आणि सोबत एक पंच असेल. मोजणीला पंच लागतोच. पंच म्हणून त्यांनी मला नेमलं. माझी संमती कोणी विचारली नाही.

नायक होते रशीदभाई. शहागंजात घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेली, तरुणपणी नाटकांत कामं केलेली. आवाज मखमलीसारखा, आणि वागणं इतकं अदबीचं की राग धरायला जागाच मिळू नये. गायक्यांनी तरी धरला. रशीदभाई "आइये भाबी, यहाँ साया है" म्हणाले की गायके माझ्याकडे झुकून विचारायचे, "हे लिहिलेलं हाय का पदरचं बोलतोय?" ते पदरचं असे. रशीदभाई रोज येताना वहिनींसाठी आल्याचा चहा थर्मासमधून आणायचे. तिसऱ्या दिवशी गायक्यांनी स्वतःचा थर्मास आणला, त्यांच्याहून मोठा. वहिनींना दोन्ही चहा प्यावे लागले आणि त्यांना दिवसभर ॲसिडिटी झाली.

खरा घोटाळा पाचव्या दिवशी झाला. सिनेमावाले नटांनी कुठे बसायचं, त्या जागी जमिनीवर रंगीत पट्ट्यांच्या खुणा करतात. त्या दिवशी ती दोघं पहिल्यांदा शेजारी बसून भाकरी खाणार होती. केतकीने दोन खुणा जवळजवळ केल्या आणि सगळे नाश्त्याला गेले. गायक्यांच्या लेखी खूण ही पवित्र वस्तू. पण चुकीच्या जागी असलेली खूण हलवणं हे तर कर्तव्य. त्यांनी टेप काढला, दोन्ही खुणा उचलल्या आणि बरोबर सहा फुटांवर नेऊन चिकटवल्या. मी पाहिलं. पंच असूनही गप्प राहिलो.

दोघं येऊन आपापल्या खुणेवर बसली. मधे सहा फूट मोकळी फरशी. रशीदभाईंनी अर्धी भाकरी पुढे केली, हात पुरेना. वहिनींनी हात लांबवला, तोही पुरेना. शेवटी त्यांनी भाकरी फरशीवर ठेवून बोटांनी हळूच पुढे सरकवली, आणि वहिनींनी ती ओढून घेतली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. "कट" म्हणायचं केतकी विसरून गेली. मग डोळे पुसत म्हणाली, की ही जागा कोणी सोडायला सांगितली? सगळ्या सिनेमात याच्याइतकं प्रेम दुसऱ्या कुठल्या दृश्यात नाही.

गायके स्टुलावर बसून राहिले. घरी येताना मला म्हणाले, "सर, आपण मोजणी बरोबर केली व्हती ना?" मी म्हटलं, अगदी बरोबर. तेव्हापासून ते रशीदभाईंवर जास्तच चिडले.

शेवटचं दृश्य उरलं होतं. थंडीने बाईच्या टाचा फुटल्या आहेत. माणूस मेणबत्तीचा उरलेला तुकडा पेटवतो, तिचा पाय मांडीवर घेतो आणि भेगांत मेण सोडतो. केतकीने हे आदल्या दिवशी दुपारी समजावून सांगितलं आणि गायके उभे राहिले.

"पायाला हात? नाय. सुमन उद्या येणार नाय."

केतकीने समजावलं. रशीदभाई म्हणाले, साब को बुरा लगता हो तो दूर से कर लेंगे. गायके ऐकेनात. तुमचा शिनेमा इथंच संपवा म्हणाले. शेवटचं दृश्य नसेल तर सिनेमाच राहत नाही, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळत होतं. वहिनी खाली बघत उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच राग दिसला.

हे चाललेलं असताना रंगभूषा करणारी बाई रंगांची पेटी घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. उद्यासाठी भेगा रंगवून बघते म्हणाली. वहिनींनी कट्ट्यावर बसून चप्पल काढली, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि म्हणाल्या, "रंग नको. हायेत माझ्या."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. टाचा पार फुटल्या होत्या. काही भेगा इतक्या खोल, की आत रक्त वाळून काळं पडलं होतं. ती बाई "अगं बाई" म्हणून पेटी बंद करून बसली. केतकीने कॅमेरावाल्याला सांगून त्या टाचांचं एक जवळून चित्रण लगेच करून घेतलं. गायके स्टुलापाशी उभे होते ते तसेच उभे राहिले. उद्याचं काय, हे त्यांना परत कोणी विचारलं नाही.

वहिनी केतकीच्या गाडीतून पुढे गेल्या. मी गायक्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. क्रांती चौकाच्या सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं, "सर, कुमुदवहिनींच्या टाचा कशा व्हत्या?"

कुमुदबद्दल मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी आठवू लागलो. तिचं अक्षर आठवलं. चष्म्याने नाकावर पडलेली खूण आठवली. पुस्तक वाचताना ती पदराच्या टोकाला पीळ घालायची, तेही आठवलं. टाचा आठवेनात. एकतीस वर्षं ती माझ्या घरात चालत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. गायक्यांनी गाडी हलवली नाही. "तुमचं ठीक हाय," ते म्हणाले. "तुम्ही पुस्तकात असायचे. मी तर सर, रातध्याड तिच्यावरच नजर ठिवून व्हतो. आन् मला दिसलं नाय."

त्या संध्याकाळी भाजीची वाटी आली नाही. पलीकडून खोबरेल तेल आणि मेण तापवल्याचा वास येत होता.

सकाळी मी पुलाखाली पोचलो तेव्हा केतकी एकटीच येरझाऱ्या घालत होती. गायके आणि वहिनी येतील याची तिला खात्री नव्हती, मलाही नव्हती. पण स्कूटर आली. मागे वहिनी होत्या, आणि त्यांच्या पायांत गायक्यांचे करडे पुरुषी मोजे होते. त्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी मोजे काढले. टाचा तेलाने चकचकत होत्या. एकेक भेग मेणाने नीट भरलेली.

रंगभूषेची बाई कपाळाला हात लावून बसली. काल भेगा जवळून चित्रित झालेल्या, आणि आज त्या नाहीत. केतकी म्हणाली, "काका, हे काय केलंत हो?"

गायके अपराध्यासारखे म्हणाले, "बघवंना."

वहिनी हसत होत्या. "जेवायला बी उठले नाय," त्या मला म्हणाल्या. "पाय सोडंचनात. मोजून सांगितल्या मला. डाव्या पायाला अकरा, उजव्या पायाला नऊ."

पेटी उघडावीच लागली. त्या बाईने कालचं चित्र फोनवर बघत भरलेल्या भेगा पुन्हा रंगाने फोडल्या. गायके तिच्या शेजारी उकिडवे बसून होते. एक भेग ती विसरली, तर बोट ठेवून म्हणाले, "हिथं एक व्हती. बारीक, पन लांब."

रशीदभाई जागेवर येऊन बसले. हातात मेणबत्तीचा तुकडा. वहिनींनी पाय पुढे केला, पण रशीदभाई तो हातात घेईनात. ते गायक्यांकडे बघत होते. केतकीने कॅमेऱ्याकडेही पाहिलं नाही.

गायके उठले आणि रशीदभाईंजवळ जाऊन बसले. "मेन लगेच सोडू नका," ते म्हणाले. "आधी मनगटावर टाकून बघायचं. तिला लई गरम सोसत नाय. सांगत बी नाय ती, नुसती अंगठा दाबती. अंगठ्याकडं ध्यान ठेवा."

"जी," रशीदभाई म्हणाले. त्यांनी मेणबत्ती पेटवली, मेण वितळू दिलं आणि पहिला थेंब टाकायला स्वतःचं मनगट पुढे केलं.

गायक्यांनी ते हाताने बाजूला सारलं आणि शर्टाची बाही वर करून आपलं मनगट ज्योतीखाली धरलं. थेंब पडला. ते डोळे मिटून क्षणभर थांबले. मग म्हणाले, "अजून थोडं निवू द्या."