नोर्बूची बहीण मेलीच नाही

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, जंगलाला विचारलेलं आवडत नाही, एक तांबडी पांडा राहायला आली.

पांडा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही? त्या जंगलालाही नव्हतं. तेव्हा गप्प बसा आणि ऐका.

तिचं नाव यांगझोम. अंगावर तांबडी लव, शेपटीवर पट्टे, तोंड गोल, डोळे बारीक. जंगलाच्या पूर्वेच्या टोकाला उंच डोंगर होते, तिथली ती. ते डोंगरही त्याच जंगलात होते. वाघमहाराज रोज सकाळी डरकाळी फोडून सांगायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं माझं. फक्त त्या टोकाला, एखादा पक्षी सोडला तर, कुणी कधी गेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी कोल्ह्यानं तिला गाठलं.

"कुठली गं तू?"

"याच जंगलातली."

"तसं नाही. मूळची कुठली?"

"मूळचीपण याच जंगलातली."

"बरं, सांगायचं नसेल तर राहू दे," कोल्हा म्हणाला. "पण आमची भाषा छान बोलतेस हं."

मग ती ढोली शोधायला गेली. शेकरूकाकूंकडे दोन ढोल्या रिकाम्या होत्या.

"तुम्ही लोक काय काय खाता," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे ते चालत नाही."

"मी बांबूचा पाला खाते, काकू."

"तेच ते. वास येतो."

"मलाही येतो," खालून तरस म्हणालं. ते मेलेला रेडा चघळत होतं. रेडा बराच जुना होता.

शेवटी साळिंदरमावशीनं आपल्या बिळावरची ढोली तिला दिली. मावशी तोंडाची फटकळ होती. "राहा," ती म्हणाली. "पण झोपेत खाली पडू नकोस. माझ्या अंगावर पडलीस तर तुझीच चाळण होईल."

वानरं झाडावर बसून डोळ्यांचे कोपरे बोटांनी ताणायची आणि ओरडायची, "चिनी, ए चिनी." चीन म्हणजे काय, खायचं की अंगाला लावायचं, हे एकाही वानराला ठाऊक नव्हतं. यांगझोम खाली मान घालून जायची. मग वानरं म्हणायची, "मस्करी केली गं. मनाला काय लावून घेतेस."

जंगलाच्या एकोपा दिनाला मात्र तिला सगळ्यांच्या पुढे उभं करत. डोक्यात मोराची पिसं खोचून नाचवत. तिच्या डोंगरात मोर नव्हते. तरी ती नाचायची. तिला वाटायचं, नाचलं की ओळख होते.

मग खोकल्याची साथ आली.

पहिल्यांदा खोकला गवा. पण गवा अंगानं केवढा, त्याला कोण विचारणार? दोन दिवसांत सगळं जंगल सांगायला लागलं की साथ त्या चिनीनं आणली. तिला पाणवठ्यावर यायची बंदी झाली. पहाऱ्याला रानडुक्कर बसलं. अंगभर चिखल, नाकातून शेंबूड.

"लांब हो," ते म्हणालं आणि पाण्यात शिंकलं. "घाण करशील."

यांगझोम लांबच्या घळीत पाण्याला जाऊ लागली. घळीतले दगड शेवाळलेले होते. एका सकाळी ती गेली, ती आलीच नाही.

मावशी शोधायला गेली. घळीच्या काठावरून तिनं खाली पाहिलं, आणि तिथंच बसून राहिली. नंतर तिनं पूर्वेला निघालेल्या धनेश पक्ष्याजवळ पोरीच्या घरच्यांसाठी निरोप दिला.

हसू नका आता. हा भाग हसायचा नाही. पुढचा आहे.

त्या जंगलात एक रीत होती. कुणी मेलं की संध्याकाळी सगळे पाणवठ्यावर जमायचे. वाघमहाराज मेलेल्याचं नाव घ्यायचे, मागून सगळे घ्यायचे. नाव घेऊन होईपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. सशाचं नाव घेतलं जायचं. विंचवाचंही जायचं. ज्याचं घेतलं नाही, तो या जंगलाचा कधी नव्हताच असं धरायचं.

यांगझोमचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ नोर्बू एवढ्यासाठी डोंगर उतरून आला. आल्या आल्या मावशीच्या बिळापाशी गेला, आणि संध्याकाळी तिच्याबरोबर पाणवठ्यावर.

त्यानं तोंड उघडायच्या आत शेकरूकाकू म्हणाल्या, "अगंबाई, ही बघा आली. आणि मेली मेली म्हणून केवढी बोंब."

"मी ती नाही. मी तिचा भाऊ."

"आवाज बसलाय गं तुझा," काकू म्हणाल्या. "खोकला दिसतोय." सगळे दोन पावलं मागे सरले.

वाघमहाराजांना बरं वाटलं. "छान झालं. म्हणजे कुणी मेलं नाही. प्या सगळे पाणी."

"ती मेली," नोर्बू म्हणाला. "तुम्ही इथलं पाणी बंद केलंत म्हणून मेली."

"असं कसं म्हणतेस बाळ," महाराज समजुतीनं म्हणाले. "तू तर समोर उभी आहेस."

"स्वतःच्या मरणाची तक्रार स्वतःच घेऊन आलेलं जनावर पहिल्यांदा बघितलं," कोल्हा म्हणाला. वानरं खो-खो हसली.

नोर्बूनं कोल्ह्याची शेपटी दातात धरली.

इथं मी तुम्हाला सांगायला पाहिजे की चावणं वाईट असतं. सांगितलं. शेपटी चांगली बुडाशी धरली होती.

"बघितलंत ना?" सोडवून घेतल्यावर कोल्हा म्हणाला. "ही जमातच रागीट."

तेव्हा मावशी काटे खडखडवत पुढे आली. वाट आपोआप झाली.

"महाराज, ही ती नाही. हा तो आहे."

"कशावरून?"

"ती कधी कुणाला चावली नाही. चावायला पाहिजे होतं, पण नाही चावली. आणि ती रोज माझ्या काट्यांना वळसा घालून जायची. हा गाढव आज आला आणि रडत रडत थेट माझ्या पाठीवर बसला. मागून बघा त्याला."

सगळ्यांनी मागून पाहिलं. नोर्बूच्या बुडात अजून काटे होते.

महाराजांनी घसा खाकरला. "असं आहे होय. बरं, मग घेऊ नाव. काय होतं तिचं?"

"यांगझोम."

"फार कठीण आहे. चिनी म्हणू. सगळ्यांना सोपं पडेल."

"ते तिचं नाव नव्हतं."

"भावना पोचल्याशी कारण," महाराज म्हणाले.

थोड्याच दिवसांपूर्वी भेकरताईचे आजोबा वारले होते. त्यांचं नाव होतं श्रीमंत शृंगविक्रमसेन दुर्गप्रतापराव. तेव्हा एकाचीही जीभ अडखळली नव्हती.

नोर्बू नाही नाहीच म्हणत राहिला. महाराजांना पाणी प्यायचं होतं. ते उठून उभे राहिले.

"एक गोष्ट लक्षात ठेव," ते म्हणाले. "या जंगलात भेदभाव औषधालाही सापडायचा नाही. आम्हाला तर तुम्ही सगळे सारखेच दिसता."

खूप टाळ्या पडल्या. मग सगळे पाण्यावर वाकले.

मावशी वाकली नाही. ती नोर्बूजवळ येऊन बसली. फार जवळ नाही, काटे होते.

"पुन्हा सांग. हळू."

"यांगझोम."

"यांगझम."

"झम नाही. झोम."

"यांगझोम," मावशी म्हणाली. "मी तिला नुसतं पोरी म्हणायची. कार्टीनं कधी सांगितलं नाही." मग ती तोंड वर करून मोठ्यानं म्हणाली, "यांगझोम."

भेकरताईनं पाण्याला लावलेलं तोंड उचललं. इकडंतिकडं पाहिलं. "यांगझोम," ती पुटपुटली, आणि पुन्हा पाण्याला तोंड लावलं नाही. बाकीचे पीत राहिले. खूप वेळ नुसता लपलप आवाज येत होता.

नोर्बू डोंगर उतरून तहानलेला आला होता. तो म्हणाला, सगळं जंगल नाव घेत नाही तोवर मी थेंब घेणार नाही.

"मूर्ख आहेस," मावशी म्हणाली. "तू मेलास तर तुझ्यामागे आणखी कुणी तसल्याच तोंडाचा येईल, आणि हे म्हणतील, बघा, तोही जिवंतच आहे. पी गुमान. उद्या पुन्हा येऊ. ढोली रिकामी आहे."

तो प्यायला. पाणी गोड होतं. त्याचंच त्याला रडू आलं.

ते दोघं अजून रोज संध्याकाळी तिथं जातात. भेकरताईपण असते. परवापासून गवाही येतो. त्याला अजून झोम म्हणता येत नाही, मध्येच खोकतो. पण बसतो.

तात्पर्य : मुलांनो, परक्यांच्यात मरायचं झालं तर आधी आपला चेहरा त्यांच्यासारखा करून घ्यावा आणि नाव सोपं ठेवावं. म्हणजे आपण मेलो हे आपल्या धाकट्या भावाला कुणाची शेपटी धरून सिद्ध करावं लागत नाही.

कळलं? आता उठू नका. पाण्याचा तांब्या खाली ठेव रे. आधी सगळ्यांनी एकदा म्हणा.

यांगझोम.

झम नाही. झोम.

हां. आता प्या.