वाट बघण्याची चाचणी

आनंदराव सुभेदार जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एकच शेरा मारतात. समोर चहा असो, प्राचार्यांचं भाषण असो, नाहीतर आमदाराचं आश्वासन. आधी मान डोलावतात आणि म्हणतात, "ग्रुपिंग हाय." मग मिशीवरून बोट फिरवतात. "पण झिरो न्हाई."

हे त्यांचं फौजेतलं ज्ञान. रायफलच्या गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या की ग्रुपिंग चांगलं. पण त्या सगळ्या मधोमध लागायच्या सोडून डाव्या कोपऱ्यात लागल्या, तर रायफल झिरो केलेली नाही, म्हणजे तिचा नेमच वाकडा आहे. एम. ए. मानसशास्त्राच्या वर्गात सर चाचणीची विश्वसनीयता (उत्तर दरवेळी तेच येतं का) आणि वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का) शिकवत होते. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. आम्ही उतरवून घेत होतो, कळत कुणालाच नव्हतं. मागच्या बाकावरून सुभेदार उठले आणि म्हणाले, "सर, म्हंजी ग्रुपिंग आन झिरोच की." सगळ्या वर्गाला एका वाक्यात समजलं. सरांना ते आवडलं नाही.

तेव्हापासून सुभेदारांनी हा दाखला सोडला नाही. त्यांची कोरेगावची एसटी साताऱ्याच्या स्टँडवरून रोज न चुकता उशिरा सुटते. ग्रुपिंग एक नंबर. वसतिगृहातल्या मुलींना पिण्याचं पाणी मिळत नाही म्हणून मी पत्रक लिहिलं, तेही त्यांनी चष्मा लावून वाचलं. आई-वडील चळवळीतले, माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलेलं, त्यामुळे पत्रकाला कुणी नाव ठेवलं की मला राग येतो. सुभेदार म्हणाले, "ताई, जोर लय हाय. पण ह्यात सरकार हाय, भांडवलशाही हाय, पाण्याची टाकी कुटं हाय?"

वर्गात आम्ही सगळे विशी-बाविशीचे आणि हे पन्नाशी ओलांडलेले. फौजेत असताना बाहेरून बी. ए. केलं, पेन्शन घेऊन गावी आले आणि शेतीकडे न बघता कॉलेजात नाव घातलं. भाऊबंद म्हणाले, याला चळ लागला. सर वर्गात आले की सुभेदार खाडकन उभे राहायचे. पन्नाशीचा माणूस उभा आणि आपण बसलेलो, हे बरं दिसत नाही म्हणून हळूहळू सगळा वर्ग उभा राहायला लागला. सरांना वाटलं, आपला दरारा वाढला.

आता आमच्या विभागाबद्दल सांगायला हवं. आमच्या विभागात माणसाचं मन एका लोखंडी कपाटात राहतं. कपाटात चाचण्यांची पाकिटं आहेत: बुद्धी, चिंता, समायोजन, आत्मविश्वास. किल्ली सरांकडे. ज्याचं पाकीट कपाटात आहे ते मनात आहे. ज्याचं नाही ते माणसाला होतच नाही. बऱ्याचशा चाचण्या परदेशातून आलेल्या आणि कुणीतरी घाईघाईने मराठीत आणलेल्या. त्यातलं एक विधान घेऊन मी एका ऊसतोडीच्या तळावर गेले होते: 'सुट्टीच्या दिवशी मला काहीही न करता पडून राहावेसे वाटते.' समोरच्या बाईने विचारलं, "सुट्टी कुणाची?" मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, 'लागू नाही' असं लिहा.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक संकल्पना घेऊन प्रबंध करायचा असतो. सरांची सही झाली तर पदवी, नाहीतर वर्ष वाया. आम्ही मुकाट कपाटातली पाकिटं वाटून घेतली. मला 'आक्रमकता' मिळाली. ती मला का दिली हे सगळ्यांना माहीत होतं. सुभेदारांचा नंबर आला. ते सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "वाट बघणं."

सरांनी विचारलं, म्हणजे काय?

सुभेदारांनी सांगितलं की, आमच्या गावात घराआड एक फौजी आहे. त्यांच्या बायका वर्षानुवर्षं वाट बघतात. ते किती असतं, कसं असतं, मोजायचं आहे. सर समजुतीने म्हणाले, अहो, ती चिंता. चिंतेचं पाकीट आहे आपल्याकडे.

"न्हाई सर. चिंता येगळी. चिंता असली की झोप लागत न्हाई. वाट बघणारा माणूस झोपतो, पण दाराला कडी लावत न्हाई."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"आमच्या घरात हाय."

वर्ग हसला. पण सुभेदार रोज सरांच्या दारात जाऊन उभे राहू लागले. फौजीला उभं राहायचा कंटाळा नसतो, सरांना त्याला बघायचा आला. करा म्हणाले, पण आकडे आले पाहिजेत.

चाचणी करायची तर आधी विधानं हवीत. आमची पिढी निकालाची आणि मेसेजवरच्या निळ्या खुणेची वाट बघणारी. आम्ही दिलेली विधानं त्यांनी बाद केली. त्यांची स्वतःची अडचण वेगळीच होती. "मला काय ठावं? मी जल्मभर वाट बघाय लावनाऱ्याच्या बाजूला हुतो." शेवटी मी त्यांच्या गावी गेले, बायकांच्यात बसले, शेंगा फोडत बोलणं ऐकलं आणि विधानं मिळाली. 'भाकरी थापताना एक जास्त होते, ती गारच राहते.' 'गाडीचा आवाज आला की आधी कुत्रं उठतं, मग मी.' 'फोन वाजला की आधी देवाकडे बघते, मग उचलते.' प्रत्येकापुढे पाच पर्याय: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.

सुभेदारांनी ही चाचणी घेतली ती परेड घेतल्यासारखी. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. बायकांना रांगेत बसवलं. फौजीची आई तीही वाट बघतेच, या न्यायाने सासवाही बोलावल्या आणि घरवार जोडीने बसवल्या, सासू आणि शेजारी सून. सुभेदारांची बायको मालनकाकूही, नवरा आता घरी परतलेला असला तरी, आपल्या सासूच्या शेजारी. मग समोर उभं राहून त्यांनी सूचना दिल्या: बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई, खरं काय ते लिवायचं. शेवटची सूचना त्यांनी हुकमाच्या आवाजात दिली.

सासवांना अक्षर लागेना, तेव्हा सुनाच त्यांचे कागद मोठ्याने वाचून भरू लागल्या. पहिल्या म्हातारीने पदर सावरला आणि ठणकावून सांगितलं, "आमी कुटं वाट बघितली? मर्द गडी देशासाठी गेलाय. लिव, कदीच न्हाई." ते रांगेत शेवटपर्यंत ऐकू गेलं. मग कुठली सून लिहिणार की, मला भाकरी जास्त होते? सगळ्या कागदांवर सगळीकडे 'कधीच नाही'. मालनकाकूंच्या कागदावरसुद्धा.

कॉलेजच्या संगणकाने हिशेब करायला नकार दिला. सगळी उत्तरं सारखीच असली की त्याला ताळा मांडता येत नाही. सुभेदार पडद्याकडे बघत राहिले. सर मात्र खूश झाले. इतकं एकमत त्यांच्या कारकिर्दीत कुठल्या चाचणीला मिळालं नव्हतं. त्यांनी स्वतः निष्कर्ष लिहून दिला: 'सैनिकांच्या पत्नींमध्ये वाट पाहण्याची भावना आढळून येत नाही.' म्हणाले, हा सांगलीच्या चर्चासत्रात वाचा. मी तिथेच सही करतो.

एका सहीसाठी अख्ख्या गावातल्या बायकांचं काळीज पुसून टाकायचं. मी पत्रकच काढायला निघाले होते. सुभेदारांनी थांबवलं. म्हणाले, आधी घरात एक चौकशी करू द्या.

सांगलीला जाताना बसमध्ये त्यांनी चौकशीचा निकाल सांगितला. मालनकाकूंना त्यांनी विचारलं होतं की, कधीच नाही असं का लिहिलं. काकू भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शेजारी आत्ती बसलेल्या. म्होरं तुमी हुबं. इचारायचं हुतं तर घरात इचारायचं."

"मग आता विचारलंत का घरात?" मी म्हटलं.

सुभेदार खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसता ऊस होता.

सांगलीत हॉल भरलेला, चहाबरोबर भडंग, व्यासपीठावर बाहेरून आलेले तज्ज्ञ. सुभेदार ब्लेझर घालून उभे राहिले. सरांचा कागद त्यांनी उघडला, बघितला, घडी करून खिशात ठेवला.

"ह्यो निष्कर्ष माझा न्हाई," ते म्हणाले. "गोळ्या एका जागी लागल्यात, कारन रायफल मीच वाकडी धरली. सुना सासवांच्या शेजारी बसवल्या आन म्होरं मी हुबा ऱ्हायलो. तितं खरं कोन सांगंल? ग्रुपिंग हाय. झिरो न्हाई."

तज्ज्ञांनी विचारलं, मग तुमच्या संशोधनातून सिद्ध काय झालं?

"सासवा हजर हुत्या, येवढंच."

हॉल हसला. तज्ज्ञही हसले. सर हसले नाहीत. सही झाली नाही. आमच्या सगळ्यांच्या पाकिटांवर सह्या झाल्या, माझ्या आक्रमकतेवरसुद्धा, आणि सुभेदारांचं वर्ष गेलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी कामासाठी कोरेगावला गेले. परतताना स्टँडवर बघते तर कोपऱ्यातल्या बाकावर ताठ पाठीचे सुभेदार. मोटारसायकल समोर लावलेली, शेजारी चहाचे रिकामे कागदी कप एकात एक घातलेले. चांगला मनोराच झाला होता. मालनकाकू आता बचत गटाच्या चटण्या विकायला साताऱ्याला जातात, त्या यायच्या आहेत म्हणाले. मी म्हटलं, एसटी कधी येते ते तर तुम्हाला पाठ आहे. मग त्या हिशेबाने यायचं.

"ताई, सर म्हनाले फुडल्या वर्साला दुसरा इषय घ्या. मी इषय त्योच ठेवलाय. पर विधानं लिवायच्या आदी म्हटलं, सोता करून बघावं." ते रस्त्याकडेच बघत होते. "लय अवघड हाय. पेपर वाचाय आनला, त्यात ध्यान लागंना."

एसटी उशिरानेच आली. मालनकाकू दोन पिशव्या सांभाळत उतरल्या. सुभेदार खाडकन उभे राहिले, सर वर्गात आल्यावर राहायचे तसे, आणि पुढे होऊन पिशव्या घेतल्या.

"कवापासनं बसलाय?" काकूंनी विचारलं.

"ह्ये काय, आत्ताच आलो."

काकूंनी बाकावरच्या कपांकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. पदराने तोंड पुसल्यासारखं केलं आणि मोटारसायकलवर मागे बसल्या.

"चला," म्हणाल्या, "आज जास्तीची भाकरी गरम खावा."