आखूड होत गेलेली केबल

दिवाणखाना

बायको संध्याकाळी टीव्हीवर दिसणार म्हणून नवऱ्याने टीव्ही सोफ्याकडे नीट वळवला, आणि ताणलेली केबल कनेक्टरमधून निसटून खाली लोंबली.

"केबलवाल्याला बोलाव."

"एवढ्याशा कामाला? कनेक्टर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आहे की माझ्याकडे."

होतं खरंच. माळ्यावर, दमट पिशवीत.

बायको लोकांना ट्रक चालवायला शिकवायची. आधीच रेकॉर्ड झालेली मुलाखत त्याबद्दलच होती. सासऱ्यांना हे काम इतकं नापसंत, की ते सुनेशी बोलतच नसत. समोर बसून मुलाला म्हणत, "तिला सांग, भाजी खारट झालीय."

नवऱ्याने केबल सोलली. आतली जाळी काळी पडलेली, म्हणून चकचकीत लागेपर्यंत कापत गेला. नवा कनेक्टर बसवला. टेबलावर एक पितळी कडं उरलं.

"हे कुठलं?" त्याने विचारलं.

"ते आधी केबलवर ओवायचं होतं. मग कनेक्टर, मग कडं वर सरकवून दाबायचं. पाकिटावर चित्र आहे बघ."

पुन्हा कापणं आलं. केबल पुरेना. टीव्ही सरकला.

जेवणघर

कडं आधी ओवलं. टूल दाबलं. निम्म्यावर अडकलं. ते खटक्याचं, पुरतं दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि गंजलेला सांधा दबेना.

"तेल कधी घातलं होतंस?"

"टूलला?"

"नाही, मला."

आतल्या खोलीतून सासरे ओरडले, "तिला सांग, मोडेल ते!"

"बाबा, टूल माझ्या हातात आहे."

"मग तुलाच सांगतो."

टूलच्या मागून केबल कापली. खटका सोडवायची कळ त्यानंतर सापडली.

बोळ

सांध्याला थेंबभर तेल, असं बायको म्हणाली. नवऱ्याने जबड्यालाही पाजलं. टूल लोण्यासारखं चाललं. कडंही लोण्यासारखं घसरलं आणि कनेक्टर त्याच्या मांडीवर पडला.

बाबांची खोली

केबल घरात शिरायची ती इथल्याच खिडकीतून. यापुढे फक्त रस्ता.

टीव्ही आत येताच सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. टूल आता बायकोने घेतलं. जबडा पुसला, कडं ओवलं, खटका सुटेपर्यंत दाबलं, ओढून पाहिलं. घट्ट.

चित्र आलं. निवेदिका विचारत होती, "घरून विरोध झाला असेल ना?"

"छे! माझे सासरे पहिल्यापासून भक्कम पाठीशी आहेत," पडद्यावरची सून म्हणाली.

खोलीतली सून फरशी बघू लागली.

सासरे वळले. "तिला सांग..." म्हणाले आणि थांबले. मग तिच्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांना दिसतंय?"

"हो, बाबा."

"खालच्या मजल्यावर पण?"

"हो."

"झालं. म्हणजे आता तसं वागणं आलं मला." ते खाटेवर थोडे सरकले. "बस इथे. आणि आवाज वाढव. माझ्या नावावर अजून काय काय कबूल केलंयस, तेही ऐकू दे."